नववं गाणं गप्प

१

बुधवारी सकाळी साडेदहाला फीत फिरली, गिटार वाजली, आणि जिथे बाईंनी तोंड उघडायला हवं होतं तिथे कोणीच तोंड उघडलं नाही.

गिटार मात्र थांबली नाही. मालक मागे राहिलेल्या कुत्र्यासारखी ती आपली एकटीच पुढे चालत गेली. स्टुडिओच्या काचेमागच्या खोलीत बसलेल्या कानसेनने मशीनवरची बाईंच्या आवाजाची पट्टी वर सरकवली, मग आणखी वर, मग शेवटपर्यंत. हा कानसेन म्हणजे रेकॉर्डिंग करणारा माणूस. खरं नाव त्याचं त्यालाही आठवायला वेळ लागतो. त्याने आणखी एक ओळभर वाट पाहिली आणि मशीन बंद केलं.

"पुसलंय," तो म्हणाला.

शनिवारी हेच गाणं बाईंनी सगळ्यांसमोर गायलं होतं. रविवारी सगळ्यांनी मिळून ते दोनदा ऐकलंही होतं. अल्बममधली आठ गाणी आधीच झाली होती, हे नववं आणि शेवटचं. बाई जुन्या वळणाच्या, गिटार आणि गळा दोन्ही एकाच बैठकीत, आणि तेही कॉम्प्युटरवर नाही, जाड फितीवर. त्या फितीवर शेजारी शेजारी आठ ट्रॅक असतात. एकावर गिटार, एकावर आवाज, एकावर ड्रम असं प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं. फितीची एकच खोड, पुसलं ते पुसलं. परत आणायची सोय नाही.

मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" खुंटी म्हणाला.

बघणारच. खुंटी हा गिटारींचा वैद्य. तारा बदलणं, खुंट्या पिळणं, गिटारीची वाकलेली मान सरळ करणं हा त्याचा धंदा, आणि लोकांच्या खोड्या काढणं हा जोडधंदा. वय बावन्न, अक्कल चौदाची, असं त्याची बायको म्हणायची. 'रेकॉर्डिंग चालू आहे' असं लिहिलेला लाल दिवा त्याने संडासाच्या दारावर लावला होता आणि कानसेन अर्धा तास बाहेर तिष्ठत उभा होता. ड्रमवाल्या ठोक्याचं स्टूल त्याने आठवडाभर रोज बोटभर खाली केलं होतं. सातव्या दिवशी ठोक्या आपली उंची मोजायला डॉक्टरकडे गेला होता.

"खुंटी," ठोक्या शांतपणे म्हणाला, "थट्टा असेल तर आत्ता सांग. आत्ता मी हसेन. उद्या नाही हसणार."

"मी नाही केलं."

खुंटी खरं बोलत होता. पण खरं बोलायची सवय नसल्यामुळे ते खोट्यासारखंच वाटलं. त्याचं त्यालासुद्धा.

सोफ्यावर बाई बसल्या होत्या. मांडीवर वही, हातात पेन. सोमवारपासून त्या बोलत नव्हत्या, लिहीत होत्या. गळ्यात गाठ होती, शुक्रवारी ऑपरेशन होतं. शनिवारपर्यंत गाऊन घ्या, पुढे एक सूरही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशननंतर आवाज येईल, पण कसा येईल ते विचारू नका, असंही सांगून ठेवलं होतं. म्हणजे शनिवारचं ते गाणं परत गाऊन मिळणार नव्हतं.

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली, पान टरकन फाडलं आणि शेजारी बसलेल्या लेकीच्या हातात दिलं.

लेकीने ते वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिने ते सगळ्यांना दाखवलं.

'नववं झाल्याशिवाय शुक्रवार नाही.'

२

बाई आणि लेक घरी निघाल्या. लेक दारातून परत आली आणि तिने खुंटीला जिन्यात गाठलं.

"काका, तुम्ही केलं असेल तर मी कोणाला सांगणार नाही. फक्त परत द्या."

"अगं, मी केलं असतं तर एव्हाना हसून हसून मलाच उचकी लागली असती. तू बस इथे. मला सांग, शुक्रवार पुढे गेला तर काय होईल?"

"दोनदा गेलाय आधीच. अल्बम होऊ दे, अल्बम होऊ दे, म्हणून." ती पायरीवर बसली. "डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा ढकललं तर प्रश्न आवाजाचा राहणार नाही, बाईंचा राहील. उद्या दुपारी बारापर्यंत हॉस्पिटलला कळवायचंय."

खुंटीला एका जागी उभं राहता येईना. त्याने कठड्यावरची धूळ पुसली, मग त्याच बोटाने पँट पुसली.

"वाईट वाटून घेऊ नकोस. हे गाणं नको, असं तुला कधी वाटलं होतं?"

"रोज वाटायचं. एक एक गाणं म्हणजे गाठीला खाऊ घालणं." तिने मान वर केली. "पण पुसायचंच असतं तर पहिलंच पुसलं असतं ना, महिन्यापूर्वी? ती चिडून सगळं सोडून देईल म्हणून. शुक्रवार दोन दिवसांवर आल्यावर कशाला पुसेन? मला शुक्रवार हवाय, काका. गाणं मला नको होतं, पण आता गाणं नाही तर शुक्रवारही नाही."

हिशेब चोख होता. लेक यादीतून बाहेर.

"आणि ही वही? डॉक्टरांनी बोलणंच बंद केलंय का?"

"छे. गाऊ नका, ओरडू नका, आणि कुजबुजू तर अजिबात नका. हळू आवाजात बोला म्हणालेत. वही आईचीच कल्पना. सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर ही वही घेऊन बसलेली. म्हटलं बरं झालं, कधी नव्हे ते डॉक्टरांचं जास्तच ऐकलं."

ती गेली. खुंटी तिथेच कठड्याला टेकला. लोक डॉक्टरांचं कमी ऐकतात हे त्याला ठाऊक होतं. जास्त ऐकणारं माणूस त्याने अजून पाहिलं नव्हतं.

३

ठोक्या आपल्या ड्रमच्या खोलीत, म्हणजे स्टुडिओच्या कोपऱ्यातल्या जाड दाराच्या खुराड्यात बसला होता. अठरा वर्षांपूर्वीपर्यंत तो बाईंचा नवरा होता, आता फक्त ड्रमवाला. दोघांच्या मते बढतीच झाली होती.

"सोमवार, मंगळवार कुठे होतास?" खुंटीने विचारलं.

"बाहेरगावी. हॉटेलात वाजवत होतो. मॅनेजरला फोन लाव, तो सांगेल. रडतच सांगेल, मंगळवारी मी त्याचा आवडता कप फोडला."

"नववं गाणं तुझ्यावर आहे, ठाऊक आहे ना?"

"उशिरा येणाऱ्या माणसाचं? अरे, ते तिने मला अठरा वर्षांपूर्वी तोंडावर ऐकवलंय. बिनचालीचं." ठोक्याने काठ्या मांडीवर आपटल्या. "चाल लावल्यावर बरंच सौम्य झालंय. मी कशाला पुसू? आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कोणी गाणं केलंय."

"वाजवलंस चांगलं."

"वाजवलं कुठे? पहिल्या कडव्यात मला हात बांधून बसवलंय. तू उशिरा येतोस, म्हणून उशिरा ये, म्हणाली."

हसू आवरत खुंटी काचेमागच्या खोलीत गेला. कानसेन तोंड पाडून बसला होता. नवव्या गाण्याची फीत त्याने कुलपात टाकली होती, जणू चोर आता परत येऊन तिला फुलं वाहणार होता.

"पूर्ण ऐकलीस का रे नंतर?"

"हात लावायची भीती वाटते, खुंटीभाऊ. उरलंसुरलं तेही जायचं."

"स्टुडिओच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी. एक अल्बम संपेपर्यंत बाईंकडे. सोमवारी तुम्ही गिटारला नव्या तारा लावून साडेबाराला गेलात, मी एकला गेलो. दाढ उपटायची होती." त्याने तोंड उघडून भोक दाखवलं. "मंगळवारी बंद असतं. सुजलेलं तोंड घेऊन घरी पडून होतो. कोण आलं, कोण गेलं, देव जाणे."

"कोणावर संशय?"

"खरं सांगू? तुमच्यावर. नाहीतर कोणावरच नाही." कानसेन जरा ओशाळला. मग आठवून चिडला. "तुम्ही रविवारी ते काय बोलून गेलात, 'तिसऱ्या कडव्यात माशी गायली'? तार जराशी भुणभुणली होती, कोणाला कळलंही नसतं. सगळे हसले, पण बाई हसल्या नाहीत. नंतर माझ्या मागे लागल्या, फक्त गिटार परत वाजवते. मी म्हटलं नको, त्यांच्या गाण्याच्या माईकमध्येपण ती माशी आहे, एक काढून उपयोग नाही. राहू दे म्हटलं."

"मग?"

"राहिलं. माझी कटकट काय कमी आहे? हे ठोक्यादादा. हजारदा सांगितलं, रेकॉर्डिंगला खोलीचं दार लावा. यांना बाईंची टाच दिसायला हवी, टाचेवर ताल धरतात म्हणे. दारात बूट अडकवून बसतात. शनिवारीसुद्धा तेच. पहिल्या कडव्यात हे वाजवत नाहीत, म्हणून गाणं ऐकताना त्यांच्या माईकची पट्टी पाडूनच ठेवतो मी. नाहीतर काय, खोलीची घरघर आणि यांचं खोकणं."

खुंटी ऐकत होता आणि टेबलावरच्या पेन्सिली लांबीप्रमाणे लावत होता. माशीचा विषय निघाल्यापासून त्याला बसवत नव्हतं. रविवारी तो विनोद त्याला फार आवडला होता. घरी जाऊन बायकोलाही सांगितला होता.

"फीत काढ," तो म्हणाला. "गिटार ऐकायचीय. नुसती गिटार."

४

कानसेनने बाकीच्या पट्ट्या पाडल्या आणि गिटारची एकटी वर ठेवली. फीत फिरली.

पहिली ओळ गेली. दुसरी गेली. खुंटीने डोळे मिटले होते.

"काय नाहीये यात?"

"आवाज नाहीये. तेच तर रडतोय सकाळपासून."

"अरे, आवाज गिटारच्या ट्रॅकवर असतो का? पण थोडा असतो. बाई वाजवता वाजवता गातात. गिटारसमोरचा माईक त्यांच्या तोंडापासून दीड हातावर. शेजारच्यांचं भांडण भिंतीतून येतं, तसा बाईंचा आवाज या गिटारमध्ये यायलाच हवा. बाकीच्या आठही गाण्यांत येतो."

कानसेनचं तोंड उघडं पडलं, दाढेच्या भोकासकट. त्याने फीत मागे घेतली आणि कान लावून ऐकलं.

"नाहीये," तो हळूच म्हणाला. "अजिबात नाहीये."

"म्हणजे चोराने नुसता आवाज पुसलेला नाही. ही गिटारच शनिवारची नव्हे. आणखी ऐक. हा टणत्कार ऐकलास? शनिवारी गिटारवर तीन महिन्यांच्या तारा होत्या, ओल्या सुतळीसारख्या. या तारा नव्या आहेत. सोमवारी दुपारी मीच लावल्या. मी साडेबाराला गेलो, तू एकला. त्यानंतर आणि आज सकाळच्या आत कोणीतरी इथे बसलं आणि हे गाणं अथपासून इतिपर्यंत नव्याने वाजवलं."

"चोर गिटार वाजवून कशाला जाईल?"

"तेच म्हणतो मी. घर फोडून आत शिरायचं आणि भांडी घासून जायचं. कोण करेल असं?"

"वाजवणारं तरी कोण आहे? ठोक्यादादांना गिटार उलटी की सुलटी कळत नाही. लेकीने बारा वर्षांत हात लावलेला नाही. मला तीन पकडी येतात. तुम्ही..."

"मला एकच धून येते, तार तपासायची. तुम्ही सगळे तिला विटलाय." खुंटी मशीनवर वाकला. "तिसरं कडवं लाव."

तिसरं कडवं स्वच्छ होतं. माशी मेली होती.

खुंटीने खुर्ची मशीनला चिकटवली. "आता अगदी पहिल्यापासून," तो म्हणाला. "आणि आवाज वाढव. आणखी. कान फुटले तर माझे फुटू दे."

सुरुवातीचे चार ठेके झाले. ओळ सुरू व्हायच्या जागी, तारेच्या एक क्षण आधी, एक लहानसा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला. गिटार पुढे गेली. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी परत तोच आवाज. तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी परत. चौथी ओळ लांब होती, तिच्याआधी तो आवाजही लांब होता.

कोणीतरी श्वास घेत होतं.

गाण्यासाठी भरून घेतात तसा श्वास, नेमका शब्दांच्या जागी, ओळीच्या लांबीइतका. श्वास घ्यायचा आणि गायचं नाही. पुन्हा घ्यायचा आणि पुन्हा गायचं नाही.

नुसती गिटार वाजवणारा माणूस असा श्वास घेत नाही. ज्याने एकही ओळ कधी न गाता वाजवलेली नाही, तोच घेतो. छातीला सुट्टी दिलेली असली तरी ती कामावर येते.

"कोण आहे हे, खुंटीभाऊ?"

खुंटीने स्वतःच्या हाताने मशीन बंद केलं.

"उद्या सकाळपर्यंत कोणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "माझा अंदाज चुकला तर मी पेढे वाटेन."

५

गुरुवारी सकाळी साडेदहाला खुंटी बाईंच्या घरी गेला. रात्रभर त्याने इतक्या कुशी बदलल्या होत्या की बायकोने त्याला उशीसकट बाहेरच्या खोलीत हाकललं होतं.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. समोर वही. लेक ऑफिसात रजेचा अर्ज द्यायला गेली होती, अकराला परस्पर स्टुडिओत येणार होती. सगळेच अकराला जमणार होते.

"बाई, मी बोलतो. चुकलं तर वहीत फुली मारा." खुंटी बसला, उठला, परत बसला. "सोमवारी दुपारी तुम्ही एकट्याच स्टुडिओत गेलात. किल्ली तुमच्याकडे होतीच. तुम्हाला गाणं बदलायचं नव्हतं. तुम्हाला माझी माशी मारायची होती."

बाईंनी लिहिलं, 'माशी तू सोडलीस.'

"मी सोडली," खुंटी म्हणाला. "कबूल. कानसेन नको म्हणाला, तरी तुम्ही गेलात. नव्या तारांवर नुसती गिटार वाजवलीत. शनिवारचे ड्रम कानात घेतलेत, तालासाठी. वाजवून झालं, ऐकलंत, तर आवाज गायब."

बाईंनी वही पुढे ओढली. मग त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं होतं.

'दोन्ही बटणं दाबली. गिटार आणि आवाज. छत्तीस वर्षं, दुसरं कोणी नसलं की मीच दोन्ही एकदम दाबतेय. बोटांनी विचारलंच नाही.'

"मग तुम्ही परत गायचा प्रयत्न केलात. डॉक्टर नको म्हणाले असताना."

'चारदा. चारही पुसले.'

"आणि चौथ्यांदा..."

बाईंनी पेन ठेवलं.

"गेला," त्या म्हणाल्या.

ते बोलणं नव्हतं. ओल्या फरशीवरून पोतं ओढल्यासारखं काहीतरी होतं. खुंटीने आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे न बघता जमिनीकडे बघितलं.

"सोमवारपासून असंच," त्या म्हणाल्या. एका एका शब्दाला दम लागत होता. "वाटलं थांबावं. आठ दिवस, दहा दिवस. एका गाण्यापुरता आला परत तर... मग काय कापायचं ते कापा. चोरी झाली म्हटल्यावर थांबायला कारण मिळालं. माझा आवाज गेला, हे नको होतं कोणाला कळायला. तुला शिव्या बसतील हे माहीत होतं. तुला सवय आहे."

"आहे," खुंटी म्हणाला.

"कसं कळलं नाही मला, तेच कळत नाही. वाजवताना ऐकू येत होतं ना. माझं गाणं. कानात, हेडफोनमध्ये. बारीक, लांबून. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत." त्या थांबल्या. "म्हणून वाटलं, आहे जागेवर. पुसला जाता जाता शेवटचा ऐकला मी."

खुंटी खोलीत फेऱ्या मारायला लागला. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला तो मध्येच थांबला.

"बाई, असं होत नाही."

बाईंनी मान वर केली.

"मशीन आधी पुसतं, मग नवीन लिहितं. ज्या ट्रॅकवर लाल दिवा असतो, त्यावरचं जुनं कानात येतच नाही. पुसता पुसता ऐकवायला ते काय कीर्तनकार आहे? तुमच्या आवाजाच्या ट्रॅकवरून तुम्ही काहीही ऐकलेलं नाही. मग ते कुठून आलं?"

"भास असेल."

"भासाला ठेका असतो का? तुम्ही त्याच्याबरोबर वाजवलंय. बसायच्या जागेपाशी हेडफोनची डबी आहे ना, तिच्यावर एकेका ट्रॅकच्या आवाजाची एकेक कळ. कुठली कळ फिरवली होती तुम्ही?"

"ठोक्याची. पूर्ण. बाकी सगळ्या बंद."

खुंटी दाराकडे धावला. चपला तिथेच राहिल्या.

६

स्टुडिओत ठोक्या, कानसेन आणि लेक तिघंही बसले होते. घड्याळात अकरा वाजून गेले होते. खुंटी अनवाणी आत आला तेव्हा ठोक्या उठून उभा राहिला.

"कोणी केलं?"

"आधी ऐक, मग मार. कानसेन, ड्रमचा ट्रॅक लाव. एकटा. सुरुवातीपासून."

"पहिल्या कडव्यात मी वाजवतच नाही," ठोक्या म्हणाला.

"म्हणून तर. शनिवारी तू नुसता बसला होतास. माईक मात्र जागा होता, दारात तुझा बूट होता, आणि बाहेर बाई गात होत्या. सोमवारी पुसलं गेलं ते गिटारचं आणि आवाजाचं. ड्रमला कोणी हात लावलेला नाही. आणि हा शहाणा," त्याने कानसेनकडे बोट दाखवलं, "पहिल्या कडव्याला तुझ्या माईकची पट्टी पाडून ठेवतो. पुढे तू वाजायला लागलास की आवाज तुझ्याखाली दबतो. काल सकाळी तर एका ओळीनंतर फीत कुलपातच गेली. न वाजवणाऱ्या ड्रमवाल्याला जगात कोण ऐकतं?"

कानसेनने मशीन चालू केलं. पट्टी वर गेली.

घरघर आली. स्टूल कुरकुरलं. ठोक्या खोकला. मग लांबून, खोलीभर हवा पार करून आल्यासारखी, बाईंची पहिली ओळ आली.

लेकीने दोन्ही हात तोंडावर घेतले.

आवाज बारीक होता, पण अख्खा होता. त्याच्याखाली शनिवारची जुनी गिटार होती. दुसऱ्या कडव्याला ठोक्या हलक्या हाताने आत आला आणि आवाज त्याच्या मागे उभा राहून गात राहिला. ठोक्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. इतकी वर्षं दार उघडं ठेवण्यावरून जे जे ऐकलं होतं, ते सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत होतं.

"बूट," तो कानसेनला म्हणाला, "फ्रेम करून लाव."

गाणं संपलं. मग ठोक्या परत खुंटीकडे वळला.

"सापडलं ते ठीक. पुसलं कोणी?"

खुंटीने एकदा छताकडे पाहिलं. नाव तसंही खराबच होतं, त्यात आणखी एक डाग कोणाला दिसला असता?

"मी," तो म्हणाला. "थट्टा करायला गेलो, अंगाशी आली."

"मी," दारातून कोणीतरी म्हणालं.

बाई उभ्या होत्या. एका हातात खुंटीच्या चपला. तो एक शब्द ऐकून लेक जागच्या जागी गोठली. ठोक्याने असा आवाज बाईंच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. भांडणातसुद्धा नाही.

"सोमवारी. चुकून," बाई म्हणाल्या. "आणि नंतर मुद्दाम गप्प बसले." त्यांनी चपला खुंटीसमोर टाकल्या. "हा खोटं बोलतोय. घाल रे त्या, पाय घाण करू नको इथे."

विचारायचं होतं ते सगळं त्या आवाजातच होतं.

कानसेन घसा खाकरून म्हणाला, "बाई, हा आवाज मी नव्या गिटारवर बसवून देतो. गिटार फार सुंदर वाजलीय. प्रयत्न करतो."

बाईंनी मान हलवली. "नको. नवी गिटार काढून टाक. हा एकच माईक ठेव."

"पण तो लांबचा आहे. आणि त्यात ती तिसऱ्या कडव्यातली..."

"मला ऐकू आलं. मी इथेच होते."

लेक आईजवळ जाऊन उभी राहिली होती. तिचा फोन हातात होता, बारा वाजायला वीस मिनिटं होती, आणि ती विचारायला घाबरत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं.

"उद्या किती वाजता जायचंय?"

"सहाला," ती म्हणाली. "सकाळी. आज रात्री दहानंतर काही खायचं नाही."

"लाव मग फोन. सांग, येतेय म्हणून."

लेक बाहेर पळाली. जिन्यातून तिचा आवाज येत होता, ती हॉस्पिटलच्या माणसाला तीच गोष्ट तीन वेळा सांगत होती, आणि तो बिचारा तिन्ही वेळा हो म्हणत असावा. बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

"कानसेन," त्या म्हणाल्या, "परत एकदा लाव. मी अजून नीट ऐकलं नाहीये."